उशिराची भरपाई

आमच्या ह्यांना इमारतीत सगळे नियमकाका म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि ह्यांना त्यात मान वाटतो. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात ह्यांचा उभा जन्म गेला. लोकांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून माणूस एक तर बहिरा होतो, नाहीतर त्याला गाऱ्हाण्यांची चटक लागते. ह्यांना चटक लागली. निवृत्त झाल्यावर तर मोकळं रानच मिळालं. लिफ्ट बंद पडली, बोलवा नियमकाकांना. दुकानदाराने मुदत संपलेलं औषध गळ्यात मारलं, बोलवा नियमकाकांना. हे आधी वाचतात, मग बोलतात, त्यामुळे कधी चुकत नाहीत, आणि चुकत नाहीत म्हणून हरत नाहीत. अशा माणसाशी संसार करणं काय असतं, ते मला विचारा.

मी कपडे दुरुस्त करते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट कंबरेत सोडायचा, कुणाची चेन बदलायची. दिवसभर सुई आणि मी. तोंडाला तेवढी मोकळीक असते, म्हणून माझी जीभ जरा धारदार झाली असं हे म्हणतात. असेल.

आम्हाला एकच मुलगा, टिल्लू. नाव ठेवलं तेव्हा वीतभर होता, आता दाराच्या चौकटीला डोकं आपटतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो यंत्रदुरुस्तीचं शिक्षण घेत होता. संस्थेने जाहिरातीत मोठी कार्यशाळा दाखवली होती आणि प्रत्यक्षात तीन गंजकी यंत्रं. हे खवळले. टिल्लू गयावया करून म्हणाला, बाबा, शेवटचं वर्ष आहे, परीक्षा होऊ द्या, मग काय करायचं ते करा. हे म्हणाले, अन्यायाला सुट्टी नसते. केस केली आणि जिंकली. संस्थेची मान्यता गेली, फी परत आली, आणि टिल्लूचं प्रमाणपत्र संस्थेबरोबर बुडालं. हे इमारतभर निकालाचा कागद दाखवत हिंडत होते तेव्हा टिल्लू बॅग भरत होता. मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत, तेल पुसायच्या कामाला लागला. तेव्हापासून बापाशी बोलला नाही. फोन मला यायचा. बाबा बरे आहेत ना, एवढं मात्र न चुकता विचारायचा. मी त्या एका प्रश्नावर जीव धरून होते.

मग एक दिवस फोन आला की त्याचं जहाज शेजारच्या देशात बंदराला लागणार आहे, एका दिवसापुरतं. सकाळी उतरायचं, दुपारी चारला परत जहाजावर. "आई, कंपनी मला नवा करार देतेय," तो म्हणाला. "पाच वर्षांचा, पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर. मधे घरी येणं जमणार नाही. त्याच संध्याकाळी सही द्यायची आहे. तू समोर बसून नको म्हणालीस तर नाही करणार. फोनवर नको म्हणू, फोनवर माझा राग वर येतो." आणि जरा थांबून म्हणाला, बाबांना आणलंस तरी चालेल.

चालेल म्हणाला. ये म्हणाला नाही, पण नकोही म्हणाला नाही. त्या रात्री आनंदाने मला झोपच लागली नाही.

शेजारच्या देशात जायला विमानाने तास लागत नाही. चढलं नाही तोवर उतरायला लागतं. तेच एक विमान दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातं, माझ्या मशीनच्या शटलसारखं. आम्ही सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं. दहाच्या आत पोचणार, म्हणजे जवळजवळ सगळा दिवस लेकाबरोबर. दोघांचे पासपोर्ट ह्यांनी आपल्या कंबरेच्या पाकिटात ठेवले. महत्त्वाचे कागद एकाच ठिकाणी असावेत, हा आमच्या घरचा नियम आणि ते ठिकाण म्हणजे ह्यांची कंबर.

विमानतळावर पोचलो आणि फलकावर आमच्या विमानापुढे अर्धा तास उशीर असं आलं. अर्धा तास म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. मी टिल्लूला कळवलं. तो म्हणाला, मी उतरलोय, मग मी विमानतळावरच येऊन थांबतो, तेवढाच तुमचा गाडीतला वेळ वाचेल. त्याच्या आवाजात लहानपणीचा उतावळेपणा होता. मला फार बरं वाटलं.

अर्धा तास संपला आणि आणखी अर्धा तास आला. तो संपला तसा आणखी एक. कंपनीचा स्कार्फ बांधलेली एक मुलगी काउंटरवर होती. ती दर वेळी तेच हसू लावून तेच सांगायची, तांत्रिक कारण. एकदा तर आम्हाला बसमध्ये कोंबून विमानापर्यंत नेलं, दारं बंद ठेवून उन्हात उभं केलं आणि पुन्हा आणून सोडलं. आमच्या शेजारी औषधांचा एक फिरता विक्रेता होता, टाय लावलेला, बॅग छातीशी धरलेला. तो चिडून सगळ्यांना विचारत होता की हा काय पोरखेळ चाललाय. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा उजळला होता.

खांबावर प्रवाशांच्या हक्कांचा एक फलक होता. तिथे तो अशा बेताने लावला होता की कुणाची नजर जाऊ नये. ह्यांनी चष्मा बदलला, फलक वरपासून खालपर्यंत वाचला, एकदा वाचून पुन्हा वाचला आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मुद्दाम तुकडे पाडतायत. एकदम मोठा उशीर जाहीर केला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचे घास भरवतायत. आणि ती बस? विमान वेळेत निघत होतं असं दाखवायला."

खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. लोक जमले. विक्रेता म्हणाला, काका, तुम्ही बोला, आम्ही तुमच्या मागे आहोत. बस, ह्यांना आणखी काय हवं होतं? पाणी मिळालं, खायला मिळालं, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या आल्या. सगळं ह्यांच्यामुळे. एका बाईने तर माझा हात धरून सांगितलं, तुम्ही नशीबवान आहात. मी हसले. दुसरं काय करणार?

दुपार होत आली तशी ती स्कार्फवाली मुलगी माझ्याजवळ आली. मी मघापासून हातातला फोन उलटसुलट करत होते, ते तिने पाहिलं असावं. हळूच विचारलं, मावशी, तुम्हाला काही तातडी आहे का? मी सगळं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. ती म्हणाली की पलीकडच्या दारावरून दुसऱ्या कंपनीचं विमान थोड्या वेळात निघतंय, त्यात मोजून दोन जागा आहेत, ती आम्हाला त्यात बसवू शकेल. फक्त आम्ही आपखुशीने विमान बदललं असं लिहून द्यावं लागेल. मग उशिराच्या भरपाईवर पाणी सोडायचं.

मी म्हटलं, पाणीच काय, समुद्र सोडते. आणि घाईघाईने टिल्लूला फोन केला, दुपारच्या विमानाने येतोय. तो म्हणाला, "ये आई. मी दारातच उभा आहे."

हे तेव्हा एका खुर्चीवर उभे राहून बोलत होते. मी सदरा ओढून ह्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, बदली विमान देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. भरपाई सोडून नव्हे, भरपाईसकट. फलकावर स्वच्छ लिहिलंय. आपण सही केली की उद्या प्रत्येकाकडून करून घेतील.

मी म्हटलं, करू देत. चार वाजता तो जहाजावर जाईल.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. मी व्यवस्थापकाला बोलावतो. नियम दाखवला की मुकाट्याने देईल. आपल्याला जागाही मिळतील आणि हक्कही राहील. जे सरळ मिळतंय ते वाकून कशाला घ्यायचं?"

मी पासपोर्ट मागितला. निदान मला तरी जाऊ द्या म्हटलं. ह्यांनी पाकिटावर हात ठेवला. म्हणाले, तिकीट दोघांचं एकत्र आहे, एकाने सोडलं की दुसऱ्याचा दावा कमजोर होतो. मी भर लोकांत आवाज चढवला. लोक बघायला लागले. मघाची बाई माझ्याकडे अशी पाहू लागली की हिच्या घरात हिरा आहे आणि हिला कदर नाही. ह्यांचा हात पाकिटावरून हलला नाही. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पगार लपवला नाही. पण त्या क्षणी मला वाटलं की याहून ते परवडलं असतं.

व्यवस्थापक आला. हे फलकाकडे बोट दाखवून बोलले. तो वरच्यांना विचारतो म्हणाला. वरच्यांनी आणखी वरच्यांना विचारलं. स्कार्फवाल्या मुलीने दोनदा माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा तिने पाहिलंच नाही, कारण तिच्यासमोर तो औषधांचा विक्रेता उभा होता. काका, तुम्ही बोला म्हणणारा. त्याने वाकून सही केली, त्याच्या मागून आणखी एकाने केली, आणि दोघं पलीकडच्या दाराकडे पळत सुटले. बॅग छातीशी तशीच. मी ओरडलेसुद्धा नाही. कुणावर ओरडणार? त्याला जायचं होतं, तो गेला.

थोड्या वेळाने वरच्यांचं उत्तर आलं. ह्यांचं म्हणणं मान्य. सर्व प्रवाशांना पूर्ण भरपाई, शिवाय हवं त्याला बदली विमान. कंपनीने तसं लेखी दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बदली विमान तेवढं आता एकही उरलं नव्हतं.

ह्यांनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, मिळतील अजून दोन-अडीच तास त्याच्याबरोबर, आपलं विमान सुटेलच आता. टिल्लूला फोन करायची माझी छाती झाली नाही. काय सांगणार होते? दारात उभा आहे तो, अजून उभा राहा म्हणू?

आम्ही उतरलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, आणि पासपोर्ट तपासणीची रांग पार जिन्यापर्यंत आली होती. बाहेर आलो तर दारात टिल्लू नव्हता. फोन लागत नव्हता. हे म्हणाले, बंदरावर जाऊ. गाडी केली. वाटेत हे सारखं सांगत होते की जहाज संध्याकाळशिवाय सुटत नाही, माणूस आत असला तरी भेटू देतील, आईबाप म्हणजे काही परके नव्हेत.

बंदराचं फाटक उंच होतं, त्यावर काटेरी तार. आतून डिझेलचा वास येत होता आणि दूरवर एका निळ्या जहाजाचा फक्त मागचा भाग दिसत होता. तेच की दुसरं, मला कुणी सांगितलं नाही. पहारेकरी तरुण होता, बोलायला बरा. म्हणाला, खलाशी चारच्या आत गेले, आता पासाशिवाय कुणाला आत सोडता येत नाही. मी त्याला हात जोडले. त्याने मान खाली घातली आणि बाजूच्या पाटीकडे बोट दाखवलं.

ह्यांनी चष्मा बदलला. पाटी वाचली. वरपासून खालपर्यंत वाचली. मी वाट पाहत होते. मनात म्हटलं, आता बोला. आजवर औषधासाठी भांडलात, लिफ्टसाठी भांडलात, आता एकदा माझ्यासाठी भांडा. या पहारेकऱ्याला खोटं सांगा, आरडाओरडा करा, फाटकाला धडका द्या, काहीही करा.

हे वळले आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे गं. पास हवाच."

तेवढ्यात माझा फोन वाजला. टिल्लू होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला की आई, तू फाटकाशी असशील, मला माहीत आहे. मी म्हटलं, नको करूस सही. मी इथेच आहे, समोरच आहे, तू बघ, मला दिसतंय तुझं जहाज.

यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाला, "दुपारचं विमान आलं तेव्हा मी दारात उभा होतो. सगळे बाहेर आले, तुम्ही आला नाहीत. तुमच्या विमानातून बदलून आलेले दोघं होते, त्यांना मी विचारलं. एक टायवाला होता. म्हणाला, जागा दोनच होत्या, आम्हाला मिळाल्या. तिकडे एक काका आहेत, कंपनीला असे झोडतायत, मानलं पाहिजे त्या माणसाला."

फोनमधला आवाज बाहेर येत होता, ह्यांनी ऐकलं होतं. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. दोन वर्षांनी बापलेक बोलत होते. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. चुकलो म्हणतील. नाही तर नुसतं टिल्लू म्हणतील, तरी चालेल.

हे म्हणाले, "अरे, ते बेकायदेशीरपणे लिहून मागत होते. एकदा सही दिली असती तर..."

पलीकडून टिल्लूने काहीतरी विचारलं. हे म्हणाले, हो, लेखी दिलं त्यांनी. सगळ्यांना मिळणार. मग पुन्हा पलीकडून काहीतरी आलं, एखादाच शब्द, आणि ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. टिल्लूचा आवाज अगदी मऊ झाला होता. तापात असताना मला हाक मारायचा तसा.

"आई, मी आल्याबरोबर सही केली. रागाने नाही केली. मी घरी आलो तर पुन्हा असंच होईल, एवढंच मला कळलं. तू जप."

फोन ठेवला. पहारेकऱ्याने आपली खुर्ची आणून दिली. मी बसले नाही, कारण एकदा बसले असते तर उठले नसते.

परतीचं विमान वेळेवर सुटलं, मिनिटाचा फरक नाही. खिडकीतून खाली पाणी दिसत होतं, त्यावर जहाजं होती, माझं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. हे बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते. वाईट त्यांनाही वाटत होतं. मला ते दिसत होतं, मी आंधळी नाही. शेवटी म्हणाले, भरपाई आली की आपण त्याचं जहाज पुढे जिथे लागेल तिथे जाऊ. मी ऐकून घेतलं.

मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण माझं बरोबर होतं ना गं?"

"बरोबरच होतं," मी म्हटलं. "चूक असती तर मी केव्हाच माफ केली असती."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हवाईसुंदरी पाण्याचे पेले घेऊन आली. ह्यांनी माझ्यासाठी एक घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. विमान उतरेपर्यंत तो ह्यांच्याच हातात होता.